केझी ऑर्मरॉडचं बरं होणं

आमच्या ब्रिंडलशॉ गावात आजारी पडायची मुभा सगळ्यांना होती, फक्त केझी ऑर्मरॉडला नव्हती. ती बरी झालेली बाई होती, आणि तसं छापून आलं होतं.

केझी माझी शेजारीण. आमच्या दोन घरांच्या मध्ये एका विटेची भिंत. तिच्याकडे चमचा पडला की मला कळायचं, आणि माझा नवरा घोरायला लागला की ती सकाळी मला त्याची नक्कल करून दाखवायची. गिरणीत आमचे मागही शेजारी शेजारी होते. आता त्या गिरणीच्या आवाजाने माझे कान पार गेलेत. चहा उकळला तरी वाफ दिसल्याशिवाय समजत नाही. पण त्या आवाजाबद्दल माझी काही तक्रार नाही. आयुष्यातले सगळ्यांत जास्त विनोद मी त्याच आवाजात ऐकले, म्हणजे पाहिले.

पाहिले म्हणते, कारण शेकडो माग एकदम धडधडायला लागले की स्वतःचं खोकणंसुद्धा स्वतःला ऐकू येत नसे. मग आम्ही विणकरणी ओठांनी बोलायचो. आवाज काढायचाच नाही. तोंड ऐसपैस उघडून शब्द घडवायचा आणि समोरचीने तो वाचायचा. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सुनेच्या कागाळ्या सांगायची, आणि मधल्या सगळ्या जणी त्या वाचून घ्यायच्या. मुकादम मधून चालत जायचा, त्याला वाटायचं आज बायका किती मुकाट्याने काम करताहेत! ही सवय पुढे घरीदारीही सुटली नाही. चॅपेलमध्ये पाद्री नरकाबद्दल घसा फोडून सांगत असे, आणि आमच्या बाकांवर वजडी कुणाच्या दुकानात ताजी मिळते यावर बोलणं चाललेलं असे. परगावची माणसं आम्हांला हसत. हसेनात का.

तर केझीचं दुखणं. ती ऐन तिशीत असताना एका हिवाळ्यात तिने अंथरूण धरलं. अन्न दिसलं तरी तोंड फिरवायची, अंगाची नुसती काडी झाली. तिचा नवरा एनॉक गिरणीच्या भट्टीवर कोळसा ओढायचा. तो मुळातच अबोल, त्या दिवसांत तर आपल्या कबुतरांशीसुद्धा बोलेना. गावच्या म्हाताऱ्या डॉक्टरने हात टेकले. तेव्हा बाजारातल्या औषधवाल्या मिस्टर फॉदरगिलने एनॉकच्या हातात बाटली ठेवली. प्रोफेसर ब्लाईचं जीवनसार.

त्या बाटलीवरचा कागद वाचायला एक अख्खी दुपार लागायची. मंदाग्नी, मूळव्याध, क्षय, फेफरं, गंडमाळा, बायकांचा अशक्तपणा, पुरुषांची उदासी, केस गळणं, वाईट स्वप्नं, आणि शेवटी बोट लागणं. आमच्या गावात एकालाही कधी बोट लागली नव्हती, कारण बोटीत कुणी बसलंच नव्हतं. तरी त्या शेवटच्या शब्दाने बरं वाटायचं. उद्या वेळ आलीच तर सोय आहे! शिवाय बुचावर सरकारी पट्टी चिकटवलेली असायची. ती नुसती कर भरल्याची खूण होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आमची समजूत अशी की खुद्द राणीसाहेबांच्या माणसांनी चमचाभर चाखून, मान डोलावून मगच पट्टी लावली आहे. आणि चाखलं असतं तर मान डोललीही असती. आमची गल्ली दारू सोडल्याची शपथ घेतलेल्या मंडळींची, पण जीवनसाराचा चमचा घेतला की भजनात सूर काय लागायचे! मीही घ्यायचे. चव झकास होती.

केझी बाटल्यांमागून बाटल्या प्यायली आणि वसंतात खरंच उठून बसली. त्याच सुमाराला संपामुळे गिरणी बंद होती. कापसाची धूळ नाही, पहाटेचा भोंगा नाही. मी तिला रोज हाताला धरून टेकडीवर नेत होते. माळावरच्या वाऱ्यात बसून आम्ही ओटची भाकरी खायचो आणि मालकाला शिव्या घालायचो. भूक परत आली, गाल वर आले. पण श्रेय मिळालं ते बाटलीला. माझंसुद्धा तेच मत होतं, उगाच शहाणपणाचा आव आणत नाही.

फॉदरगिलने कंपनीला कळवलं. केझीला लिहिण्याची सवय नव्हती, म्हणून तिच्या नावाने त्यानेच मजकूर केला. तो वाचून दाखवल्यावर केझी गडबडली.

"अहो, सात वर्षं अंथरुणाला खिळून होते म्हणून काय लिहिलंत? एका हिवाळ्याची तर गोष्ट!"

"बाई, एका हिवाळ्याला कोण विचारतं? सात वर्षं वाचून माणसाचं काळीज हलतं."

"आणि कुणी येऊन विचारलं तर?"

"कोण येतंय विचारायला!" फॉदरगिल म्हणाला.

सगळा मुलूख आला. पेपरात, पंचांगात, रेल्वेच्या फलाटावर, जिथे तिथे मिसेस केझाया ऑर्मरॉड, टॅनरी स्ट्रीट, ब्रिंडलशॉ. शनिवारी दुपारी गिरणी सुटली की लोक तिच्या दारात हजर. कुणी बोल्टनहून, कुणी थेट डोंगरापलीकडच्या यॉर्कशायरमधून. तिला नुसतं बघायला, हात लावायला. केझीने त्यांच्यासाठी उंबरठा घासून पांढरा करायचा, चुलीला काळं पॉलिश करायचं आणि आलं-काकवीचा केक भाजून ठेवायचा. येणाऱ्याला ती चहा द्यायची आणि त्याचं सगळं रडगाणं ऐकून घ्यायची. मधे बोलायची नाही, घाई करायची नाही. "मला आला गुण, तुम्हांलाही येईल," एवढंच शेवटी म्हणायची. लोक जाताना ताठ चालत जायचे. निम्मा गुण त्या चहाचाच असणार.

ते शनिवार आठवले की अजून जीव कासावीस होतो. तिच्या स्वयंपाकघरात ओल्या शालींचा वास, कोपऱ्यात एनॉक एखादं कबूतर मांडीवर घेऊन बसलेला, आणि पाहुण्यांच्या डोक्यांवरून केझी मला ओठांनी सांगतेय, "ह्या बाईने केकचा तिसरा तुकडा घेतला, चौथा लपव." मला हसू आवरेना की मी चुलीत तोंड घालून निखारे उकरायचे. तेव्हा वाटायचं हे असंच चालणार. आणखी काय मागावं माणसाने?

तिला मूलबाळ नव्हतं. गिरणीत ती चार मागांवरची एक विणकरीण, चॅपेलमध्ये मागच्या बाकावरची एक बाई. पण शनिवारी ती कुणीतरी होती. म्हणून दुखणं परत आलं तेव्हा तिने ते चोरून ठेवलं.

मला कळलं ते मागावर. तिचा धोटा खाली पडला आणि तिला वाकता येईना. मी उचलून दिला. तिने एप्रन पोटावरून नीट केला, पण मी पाहायचं ते पाहिलं होतं. हातपाय वाळलेले आणि पोट तेवढं वर आलेलं.

"किती दिवस?" मी ओठांनी विचारलं.

"हळू," ती म्हणाली. त्या गदारोळात तिने मला हळू बोलायला सांगितलं, कारण गिरणीत भिंतींना डोळे होते.

मी तिला ओढतच टेकडीजवळच्या धर्मार्थ दवाखान्यात नेलं. तिथे नवा डॉक्टर आला होता, वेनराइट नावाचा. तरुण होता, कान लाल व्हायचे बोलताना. त्याने तपासलं आणि सरळ सांगितलं, "गाठ आहे. मँचेस्टरला मोठ्या इस्पितळात गुंगी देऊन काढतात. आता गेलात तर जगायची पुष्कळ आशा आहे. वर्ष घालवलंत तर मी काही सांगू शकत नाही."

बाहेर येताच केझी म्हणाली, "मी नाही जायची."

"का गं? कापायची भीती वाटते?"

"वाटते. पण ते नाही. जीवनसाराने बरी झालेली बाई पोट फाडून घ्यायला गेली, असं झालं तर? ज्यांना ज्यांना मी घ्या म्हणून सांगितलं त्यांनी काय करायचं, टॅमर?"

"त्यांचं ते बघतील! तू मेलीस तर काय करायचं ते मला सांग आधी."

"माझंच चुकलं असेल. बरं वाटल्यावर मी घ्यायचं सोडलं. आता परत सुरू केलंय, दुप्पट."

मी भांडले, रडले, एनॉकला मधे घातलं. एनॉक म्हणाला, "केझी, जा ना गं." त्याचं हे वर्षातलं सगळ्यांत लांब भाषण, पण तिने तेही ऐकलं नाही. शेवटी तडजोड अशी ठरली. जीवनसार कंपनीचा माणूस, मिस्टर सेवेल, गावात येणार होता. सभागृहात मोठी सभा, ब्रास बँड, आणि मंचावर साक्षीला केझी. त्यालाच ती विचारणार होती. गाठ साराने विरघळेल असं तो म्हणाला तर ती थांबणार, नाही म्हणाला तर मँचेस्टरला जाणार. औषध विकणारा माणूस नाही म्हणेल कशाला? माझ्या मैत्रिणीचा जीव आता त्याच्या जिभेवर होता.

सभेच्या दिवशी तिने गाल चिमटून लाल केले होते. नवी काळी शाल पुढून घट्ट लपेटलेली. सभागृह खच्चून भरलं होतं. आमची गिरणी, पलीकडची गिरणी, वरच्या वाडीचे दोघे मेंढपाळ, सगळे. मी पुढेच बसले होते. सेवेल देखणा होता हो! पांढरे हातमोजे, मिशीला मेण, आणि आवाज असा की ऐकूनच रक्त शुद्ध व्हावं. मागे टेबलावर बाटल्यांचा डोंगर. त्याने थोडं भाषण केलं आणि बँडला खूण केली. असल्या लोकांचा बँड नेहमी दणदणीत असतो, कारण हे लोक बाजारात दातही उपटतात, तेव्हा रोग्याचं ओरडणं झाकायला तोच लागतो. कर्णे आणि ढोल असे सुटले की खिडक्या थरथरल्या. ते संपलं की केझीने बोलायचं होतं.

तिने तीच वेळ साधली. त्याच्याकडे वळून ती बोलायला लागली. मला तिची पाठमोरी शाल दिसत होती, पण त्याचं तोंड समोर होतं, दिव्याखाली, स्वच्छ. तोही काही ऐकू येत नसल्याने चेहरा पुढे करून, शब्द नीट तोडून बोलत होता. आमचा मुकादमसुद्धा इतकं सुरेख बोलत नसे. लंडनचा माणूस तो, त्याला वाटलं बँड आहे तोवर आपण एकांतात आहोत.

"आत्ता नको बाई. हसत राहा," तो म्हणाला. मग तिने पुन्हा काहीतरी विचारलं, त्याची बाही धरून. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, ओठ मात्र हलले.

"गाठ? बाटलीने गाठ कशी विरघळेल? जळकी साखर आणि दारू आहे ती. कधी कुणी बरं झालेलं नाही तिने. तेव्हा तुम्ही झालात ते आपल्या आपण. डॉक्टरकडे जा, जरूर जा. पण आजचा कार्यक्रम पार पाडा आधी."

मग मी शेजारी पाहिलं. सुझाना ग्रिमशॉचं तोंड उघडंच राहिलं होतं. पलीकडची रांग पाहिली. ज्यांच्या पुढे टोप्या आल्या होत्या त्या शेजारणीला कोपर मारून विचारत होत्या, आणि शेजारणी मागे वळून ओठांनी सांगत होत्या. जळकी साखर. दारू. कुणीच बरं झालेलं नाही. रांगेमागून रांग ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं, आणि बँड आपला वाजतोच आहे. तो थांबला तेव्हा सभागृहात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

सेवेल खूश झाला. इतकं भारलेलं सभागृह त्याला कुठे मिळालं नसणार. "आणि आता," तो म्हणाला, "मिसेस ऑर्मरॉड स्वतःच्या तोंडाने सांगतील!"

केझी पुढे आली. तिने आमच्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की आम्हांला कळलं आहे. ती इतकी एकटी मला कधीच दिसली नव्हती. तिने तोंड उघडलं, पण आवाज काढला नाही. गिरणीतल्यासारखे फक्त ओठ हलवले.

"मला ठाऊक नव्हतं. देवाशपथ मला ठाऊक नव्हतं."

आणि साऱ्या सभागृहाने, आवाज न करता, तिला उत्तर दिलं. कुणी "आम्हांला माहीत आहे गं" म्हणालं, कुणी "खाली ये पोरी" म्हणालं. सुझाना ग्रिमशॉ, जिचं केझीशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, ती म्हणाली, "जा इस्पितळात, तुझे माग मी बघते."

"पाहा!" सेवेल गरजला. "कृतज्ञतेने बोल फुटत नाही बिचारीला!"

मग लोक उठले. नुसते लाकडी तळाचे बूट खटाखट वाजत दारातून बाहेर गेले, आणि मंचावर तो हातमोजेवाला बाटली उंच धरून उभा राहिला. दोन बाटल्या खपल्या म्हणतात. त्या मेंढपाळांनी घेतल्या. त्यांना बिचाऱ्यांना ओठ वाचता येत नव्हते.

घरी येताना केझी एकच वाक्य बोलत होती. "आपल्या आपण, टॅमर. मी आपल्या आपण बरी झाले होते." मला वाटलं ती रडतेय. ती चिडली होती. इतकी वर्षं स्वतःचं बळ तिने फॉदरगिलच्या फळीवरच्या बाटलीला देऊन टाकलं होतं, आणि वर चहा आणि केकसुद्धा.

ती मँचेस्टरला गेली. सुझानाने शब्द पाळला. गाठ निघाली, डोक्याएवढी होती म्हणे. एनॉकने ते दिवस कसे काढले ते त्याच्या कबुतरांना माहीत. ती परत आली ती काठी टेकत, पिवळी पडलेली, पण आली. मी तिला पुन्हा टेकडीवर न्यायला लागले.

पाहुणे काही थांबले नाहीत. केझीचं नाव काढून टाका म्हटल्यावर फॉदरगिलने खांदे उडवले, कंपनीने उत्तर दिलं नाही, आणि मजकूर छापून येतच राहिला. उलट त्या वर्षीच्या पंचांगात त्यांनी एक चित्रही टाकलं. गुबगुबीत गालांची, कुरळ्या बटांची कुणीतरी बाई, खाली केझीचं नाव.

एका शनिवारी ते पान घडी करून हातात धरलेली एक बाई आली. डोंगरापलीकडची, पायांना चिखल. बरोबर आठनऊ वर्षांची मुलगी, मानेला फडकं गुंडाळलेली, श्वास घेताना शिट्टी वाजत होती. केझीने दोघींना चुलीपाशी बसवलं आणि खरं ते सगळं सांगितलं. साखर, दारू, इस्पितळ. पोटावरचा व्रणसुद्धा दाखवते म्हणाली.

ती बाई ऐकत गेली तसतसा तिचा चेहरा बंद होत गेला. तिने चित्राकडे पाहिलं, मग काठी टेकून उभ्या असलेल्या केझीकडे.

"तुम्ही त्या नाहीत," ती म्हणाली. "मला खऱ्या मिसेस ऑर्मरॉडना भेटायचंय. मी फार लांबून आलेय. मला फसवू नका हो."

"अगं बये, हीच ती!" मी ओरडले. "मी हिची शेजारीण, मला विचार!"

"तुम्ही दोघी मिळून आहात," म्हणत ती उठली. मुलीचा हात धरला आणि दाराकडे निघाली. दारातून समोर बाजार दिसत होता, आणि बाजारात फॉदरगिलचं दुकान.

केझीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने खुंटीवरची शाल काढली.

"बरोबर ओळखलंत बाई," ती म्हणाली. "मी ती नव्हेच. ती बरी झालेली बाई वर टेकडीजवळ राहते. चला, मी दाखवते तिचं दार."

त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "खरंच? भेटेल ती?"

"भेटेल. पण हळू चाला, मला चढ झेपत नाही."

मी मागोमाग गेले. चढावर केझी दर खांबाशी थांबायची, पोटावर हात दाबायची आणि पुन्हा निघायची. मुलगी तिच्या काठीला धरून चालत होती. दवाखान्याच्या दारात वेनराइट डॉक्टर बाहेर आला, त्याने मुलीचा श्वास ऐकला आणि काहीएक न विचारता तिला उचलून आत नेलं. ती बाई मागे धावली. उंबरठ्यावर क्षणभर वळली. "आणि मिसेस ऑर्मरॉड?"

"आतच असेल," केझी म्हणाली. "तुम्ही जा आधी मुलीपाशी."

दार लागलं. केझी पायरीवर मटकन बसली. मी तिच्याशेजारी बसले, तिला चांगलं झापावं म्हणून. चॅपेलमध्ये मागच्या बाकावर बसून इतकं सफाईदार खोटं कुठे शिकलीस, असं मी विचारलं.

"खोटं कसलं?" ती धापा टाकत म्हणाली. "इथेच तर मला पहिल्यांदा कुणी खरं सांगितलं. आता गप्प बस आणि मला उठायला हात दे. पुढच्या शनिवारी आणखी कुणी आलं तर त्यांनाही आणायचंय."